व्हिन्सेंटची पत्रं आधी पाहावीत, मग वाचावीत

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं आपल्यापैकी बहुतेकांना छापील पुस्तकात भेटतात. ओळी सरळ, समास सारखे, आणि रेखाटनं असलीच तर मजकुरापासून लांब, मधल्या गुळगुळीत पानांवर एकत्र केलेली. तशी वाचूनही ती काळजाला भिडतात, इतकी त्यातली भाषा सच्ची आहे. पण पत्रात जे होतं त्यातलं बरंच काही छापताना गळून गेलेलं असतं. मूळ पानावर हात लिहितालिहिता चित्राकडे वळतो. एखादी खुर्ची, पूल किंवा पेरणारा शेतकरी कागदावर उतरतो आणि त्याच्या कडेने वाक्य पुन्हा चालू लागतं. लिहिणं आणि रेखाटणं ही त्या हाताची दोन वेगळी कामं नव्हती. हे कळायला डच किंवा फ्रेंच यावी लागत नाही. पान नीट पाहता आलं की पुरतं.

आणि पान पाहण्याची आज चांगली सोय आहे. अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने 2009 साली पत्रांची नवी, संपूर्ण आवृत्ती काढली. त्यासाठी संशोधकांनी पंधरा वर्षं काम केलं. तिच्यात 902 पत्रं आहेत. त्यातली 819 व्हिन्सेंटने लिहिलेली आणि 83 त्याला आलेली. साडेसहाशेहून अधिक पत्रं एकट्या थिओला, म्हणजे धाकट्या भावाला. ही सगळी आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे आणि मूळ पानांच्या प्रतिमाही तिथे मोठ्या करून पाहता येतात. छापील संग्रह घेण्याआधी तिथे एक संध्याकाळ घालवावी असं मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात कागदापासून करावी. त्याचं नेहमीचं पत्र म्हणजे मधोमध दुमडलेला एक ताव, म्हणजे चार पानं. एक पान साधारण 21 सेंटिमीटर उंच आणि तेरा-चौदा सेंटिमीटर रुंद, वहीच्या लहान पानाएवढं. फ्रान्समध्ये 1880च्या दशकात देशांतर्गत पत्राला 15 ग्रॅमपर्यंत 15 सेंटिम पडत. वजन वाढलं की तिकीट वाढलं, म्हणून कागद पातळ आणि मजकूर दाटीवाटीचा. पातळ कागदावर एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला दिसते. पडद्यावर पाहताना अक्षरांमागे जी उलटी, धूसर अक्षरं दिसतात ती मागच्या पानाची असतात. चौथ्या पानावर जागा संपली की मजकूर समासात शिरतो, कधी आडवा होऊन कडेने वर चढतो. अशा ओळी शेवटी सुचलेल्या असतात, आणि त्यात बहुधा रंगांची मागणी, पैशांची विचारणा किंवा विसरलेला निरोप असतो.

मग चित्र आणि मजकूर यात आधी काय आलं ते शोधावं. हे शोधणं सोपं आहे आणि पत्र पाहण्यातला खरा आनंद इथेच आहे. रेखाटनाजवळ येताच ओळी आखूड होत असतील, शेवटचा शब्द तोडून खाली नेला असेल, तर चित्र आधी झालं आणि लिहिणं त्याला वळसा घालून गेलं. चित्राची एखादी रेघ अक्षरावरून गेली असेल तर मजकूर आधीचा. ओळ वाक्याच्या मध्येच थांबून चित्राखाली पुढे गेली असेल तर लिहितानाच चित्र सुचलं, आणि मला सगळ्यात मोलाची पानं हीच वाटतात. समोरासमोरच्या पानांवर आरशातल्यासारखा फिकट ठसा दिसला तर शाई वाळण्याआधीच कागद मिटला. टीपकागद वापरायलाही त्याला सवड नव्हती.

सगळी मिळून सुमारे दोनशे चाळीस रेखाटनं या पत्रांत आहेत. त्यांना नुसती सजावट समजणं चूक. फ्रेंच चित्रकार एदुआर मानेने 1880 साली पॅरिसजवळच्या बेलव्यूहून मैत्रिणींना पाठवलेली पत्रं पाहा. वर जलरंगात एक आलुबुखार, खाली दोन ओळी. फार देखणी आहेत ती, पण तिथे चित्र ही भेट आहे. व्हिन्सेंटच्या पत्रात चित्र माहिती देतं. ते नसेल तर वाक्य अर्धं राहतं.

याचं पक्कं उदाहरण म्हणजे ऑगस्ट 1882 मध्ये हेगहून थिओला लिहिलेलं पत्र. यथादर्शनासाठी, म्हणजे जवळचं-लांबचं प्रमाणात यावं म्हणून, त्याने एक चौकट करवून घेतली होती. चौकटीत उभी आणि आडवी दोरी, शिवाय दोन कर्ण. डोळा त्यातून बघतो आणि कागदावरही त्याच रेघा आखलेल्या असतात, त्यामुळे क्षितिज कुठे आणि होडीचा तिरपेपणा किती हे ताडता येतं. अडचण समुद्रकिनाऱ्यावर येते. वाळू उंचसखल असते आणि चौकट डगमगते. म्हणून दोन लांब खांब, त्यात भक्कम खुंट्या, म्हणजे चौकट उभी-आडवी कशीही आणि हव्या त्या उंचीला लावता यावी. खांबांना लोखंडी टोकं, चौकटीला लोखंडी कोपरे, हे काम लोहाराकडून. पत्रात हे सगळं शब्दांत आहे, आणि शेजारी खांबांचं चित्र, वाळूत रोवलेली चौकट, तिच्यातून पाहणारा माणूस. सुताराला दाखवलं तर तो करून देईल इतकं ते नेमकं आहे. रेषा छोट्या, झटपट, जिथे जोड आहे तिथे गडद. जोड कुठे आहे हे समोरच्याला कळायला हवं, म्हणून दाब तिथेच पडला.

आता शाई. आज ही पत्रं तपकिरी दिसतात. भित्तिपत्रकांवर, वह्यांवर, कपांवर त्यांची जी नक्कल छापतात तिच्यातही तो ऊबदार तपकिरी रंग आवर्जून ठेवलेला असतो आणि तो चित्रकाराने निवडला असावा असं वाटतं. तसं नाही. त्या काळी युरोपात सर्रास मिळणारी शाई लोह आणि टॅनिनची. टॅनिन मायफळातलं (तेच, बाळगुटीत उगाळतात ते), लोह हिराकशीतलं, धरून ठेवायला बाभळीच्या जातीचा डिंक आणि पाणी. लिहिताना ही शाई फिकट असते. हवेतला प्राणवायू लागला की लोहाचं रूप बदलतं आणि अक्षर काळं होतं. पुढे कित्येक वर्षांत तेच अक्षर तपकिरी होत जातं. म्हणजे थिओने पाकीट फोडलं तेव्हा त्याच्यासमोर काळ्याच्या जवळ जाणारी, ठसठशीत रेघ होती. पडद्यावर पाहताना मनातल्या मनात ती पुन्हा काळी करून पाहावी. चित्रं एकदम कणखर होतात.

हीच शाई कागदाची शत्रूही आहे. तिच्यात आम्ल असतं आणि मोकळं उरलेलं लोह कागदाच्या तंतूंना हळूहळू कुरतडतं. आधी रेघेभोवती पिवळसर कड उमटते, मग शाई मागच्या बाजूला उतरते, शेवटी जिथे ती साचली होती तिथे कागदाला चीर जाते. म्हणजे जिथे चित्रकाराने सर्वात जोर लावला, सर्वात गडद छाया दिली, तीच जागा आधी फाटते. त्या काळात नव्याने निघालेल्या जांभळ्या अॅनिलिन शायांचा दोष वेगळा. त्या कागद खात नाहीत, पण उजेडात उडून जातात. दोन्हींवर उपाय एकच, अंधार आणि स्थिर हवा. म्हणून संग्रहालयं अशी पत्रं क्वचित आणि थोड्या काळासाठी, 50 लक्सच्या आसपासच्या मंद प्रकाशात मांडतात. एवढ्या लांब जाऊन मूळ पत्र बघायला मिळालं नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे कारण समजून घ्यावं.

लिहायला तो बहुधा पोलादी टाक वापरी. पण फेब्रुवारी 1888 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला आल्यावर त्याच्या हातात बोरू आला. हंसाच्या पिसाची लेखणी तासतात तसा तिथला बोरू तासून चित्रं काढतोय, असं त्याने थिओला कळवलं. ही युक्ती हॉलंडमध्येही करून पाहिली होती, पण तिथे इतके चांगले बोरू मिळाले नव्हते. आपल्याकडे बोरूने मोडी आणि बाळबोध गिरवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या, त्यांना या वाक्यातलं सुख लगेच कळलं असतं. बोरू पुरता वाळलेला हवा. ओला असेल तर चाकू लावताच उभा चिरतो. आधी तिरपा लांब छाट, मग आतला गर खरवडायचा, मग टोकाशी अर्धा ते एक सेंटिमीटर चीर, आणि शेवटी टोकाला कत, म्हणजे तिरपा काप. चीर लांब गेली तर शाई ओघळून डाग पडतो, अगदी आखूड राहिली तर शाई उतरतच नाही. काही वेळाने टोकाचे तंतू पाण्याने फुगतात, रेघ जाड आणि बोथट होते, की पुन्हा तासायचं.

बोरूत शाई थोडी राहते आणि चित्रकाराच्या दृष्टीने हाच त्याचा गुण. बुडवल्याबरोबरची रेघ भरदार, ओलसर. पुढे ती आटत जाते आणि शेवटी कागदाचा खरखरीतपणा दिसू लागतो. बोरू ओढता येतो, ढकलता येत नाही, म्हणून लांब वळणदार रेघेऐवजी आखूड फटकारे आणि ठिपके सोयीचे पडतात. आर्लच्या रेखाटनांत गवत म्हणजे उभे फटकारे, नांगरलेली जमीन म्हणजे तुटक तिरप्या रेघा, आकाश म्हणजे ठिपके. ही त्याची शैली खरीच, पण तिच्या मुळाशी या हत्याराची मर्यादाही आहे. जुलै-ऑगस्ट 1888 मध्ये त्याने स्वतःच्या तैलचित्रांवरून बोरूने रेखाटनं करून टपालाने पाठवली: एमिल बर्नार आणि जॉन रसेल या चित्रकार मित्रांना अनुक्रमे 15 आणि 12, थिओला 5. एकाच चित्राची दोघांना पाठवलेली रूपं शेजारी ठेवली तर ठिपक्यांची घनता बदललेली दिसते. प्रत काढताना तो नक्कल करत नव्हता, ज्याला पाठवायचं त्याच्यासाठी चित्र पुन्हा लिहीत होता.

हस्ताक्षरातही हेच शोधावं. टाक दौतीत कुठे बुडवला ते पानावर स्पष्ट दिसतं. एक शब्द एकदम गडद, मग चार-पाच शब्दांत रंग उतरत जातो, मग पुन्हा गडद. गडद शब्द वाक्याच्या सुरुवातीला पडत असतील तर लिहिणारा विचार करून, थांबून लिहितोय. ते शब्दाच्या मध्येच पडत असतील तर वाक्य डोक्यात तयार आहे आणि शाई मागे पडते आहे. मग अधोरेखनं पाहावीत, एकेरी की दुहेरी. काळही दिसतो. गूपिल या चित्रविक्रेत्यांच्या कचेरीत नोकरीला असतानाचं, 1872-73 मधलं अक्षर कारकुनी, नेटकं आहे. पुढच्या दशकात ते मोकळं आणि उतावळं होतं. मात्र सही कायम नुसती ‘व्हिन्सेंट’. आडनाव इथल्या लोकांना उच्चारता येत नाही, तेव्हा प्रदर्शनाच्या यादीतही व्हिन्सेंट एवढंच घाला, असं त्याने 1888 च्या मार्चमध्ये भावाला लिहिलं होतं.

अक्षरावरून त्याच्या आजाराचं निदान करत बसण्याची सवय मात्र सोडायला हवी. ओळ खाली झुकली म्हणजे निराशा, दाब वाढला म्हणजे झटका, असले निष्कर्ष सांगणारे पुष्कळ भेटतात. ओळ झुकते कारण कागद मांडीवर आहे, किंवा ताव तिरपा ठेवला आहे. दाब वाढतो कारण टोक बोथट झालंय. जो माणूस आजाराच्या झटक्यांमधल्या स्वच्छ दिवसांत एवढी नीट, मुद्देसूद पत्रं लिहितो, त्याच्या हाताला वेडाचा पुरावा म्हणून वापरणं मला अन्यायाचं वाटतं.

आता एक पत्र जवळून पाहू. 16 ऑक्टोबर 1888, आर्ल, थिओला. ‘पिवळं घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्लमधल्या घरातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र त्याने नुकतंच हाती घेतलंय. पत्रात त्याचं रेखाटन आहे: उजवीकडे भला मोठा पलंग, दोन खुर्च्या, कोपऱ्यात छोटं टेबल, समोर खिडकी. जमीन वर चढल्यासारखी, पलंग पुढे आलेला. सोबत रंगांची नोंद: भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरशीची, पलंगाचं आणि खुर्च्यांचं लाकूड ताज्या लोण्याच्या पिवळ्या रंगाचं, चादर-उशी अगदी फिकट लिंबोणी हिरवी, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी, टेबल नारिंगी, हात धुण्याचं भांडं निळं, दारं जांभळट. सावल्या काढून टाकल्या आहेत, रंग जपानी छापचित्रांसारखे सपाट लावले आहेत. सगळ्यातून विश्रांती जाणवावी, एवढीच त्याची इच्छा.

दुसऱ्याच दिवशी त्याने हीच खोली पॉल गोगँला लिहून पाठवली. गोगँ आठवड्याभरात आर्लला यायचा होता. ते पत्र आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. चित्र पुन्हा काढलं आहे, यादीही पुन्हा दिली आहे. पण थिओला जे लाकूड ताज्या लोण्याचं होतं ते गोगँला क्रोम पिवळं आहे. भाऊ चित्रांचा व्यापारी, त्याला डोळ्यांसमोर आणता येईल असा पदार्थ दिला. चित्रकार मित्राला थेट ट्यूबवरचं नाव. शिवाय गोगँसाठी एक धंद्यातली गोष्ट वाढवली: चित्रात पांढरा रंग फक्त काळ्या चौकटीच्या आरशात आहे, पूरक रंगांची, म्हणजे एकमेकांना उठाव देणाऱ्या विरोधी रंगांची, चौथी जोडी साधावी म्हणून. दोन दिवस, दोन पत्रं, एकच खोली, आणि समोर कोण आहे त्याप्रमाणे हात बदलतो.

या यादीचं मोल पुढे आणखी वाढलं. अॅमस्टरडॅमचं मूळ तैलचित्र आज पाहिलं तर भिंती आणि दारं निळी दिसतात. तांबडं रंगद्रव्य उजेडाने उडून गेलं आणि जांभळ्यातला निळा तेवढा उरला. तपासणीत त्या लाल रंगाचे अवशेष सापडले, आणि पत्र बरोबर होतं हे सिद्ध झालं. आपले रंग टिकणारे नाहीत याची व्हिन्सेंटला कल्पना होती. हे रंग नंतर काळ सौम्य करणारच आहे, तेव्हा आज धीटपणे भडक लावावेत, असं त्याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लिहिलं होतं. कॅनव्हासवरचा जांभळा गेला, तपकिरी होत चाललेल्या शाईतला राहिला.

रंगांची नावं थेट रेखाटनावर लिहिणं ही त्याची आणखी एक खूण. 18 मार्च 1888 च्या पत्रात एकोणीस वर्षांच्या एमिल बर्नारला त्याने उघडझाप होणारा पूल, मागे प्रचंड पिवळा सूर्य आणि प्रेयसींना घेऊन गावाकडे परतणारे खलाशी दाखवले. रेखाटनात आकाशाच्या, पाण्याच्या, काठाच्या जागी फ्रेंच शब्द लिहिले आहेत. शब्द चित्रावर चिकटवल्यासारखे वाटत नाहीत, कारण अक्षराची रेघ आणि गवताची रेघ एकाच जातीची आहे. छापील पुस्तकात हे शब्द टाइपात, चित्राखाली यादीसारखे येतात. तिथे माहिती टिकते, चित्र मोडतं.

हे सारं आपल्यापर्यंत आलं ते थिओने पत्रं जपली म्हणून. व्हिन्सेंटला ती सवय नव्हती. थिओची त्याला आलेली पत्रं चाळीसच्या आसपासच उरली आहेत. पॅरिसला दोघं भाऊ मार्च 1886 पासून दोन वर्षं एकत्र राहिले, त्या काळात पत्रंच जवळजवळ नाहीत. चित्रकार सर्वात वेगाने बदलला तो हाच काळ, आणि तोच मुका. थिओ जानेवारी 1891 मध्ये गेला. त्याची पत्नी योहाना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, पदरात एक वर्षाचा मुलगा. तिने ती पत्रं लावली. काम अवघड होतं, कारण बऱ्याच पत्रांवर तारीखच नाही. मजकुरातले उल्लेख, ऋतू, चाललेली चित्रं, कागदाचा प्रकार अशा खुणांवरून क्रम लावावा लागतो. 1914 मध्ये तिने तीन खंड प्रसिद्ध केले. त्या कष्टांशिवाय हा चित्रकार आज आपल्याला असा माहीत नसता, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडेही घराघरांत चित्रकारांची पत्रं आहेत. कलाशिक्षकाने विद्यार्थ्याला धाडलेलं कार्ड, कोपऱ्यात झाड काढलेलं अंतर्देशीय पत्र. ती वाचवायची तर काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. लॅमिनेशन कधीही करू नये, ते काढता येत नाही आणि उष्णतेने शाई बिघडते. फाटलं तर सेलोटेप लावू नये, त्याचा डिंक पिवळा पडून आत मुरतो. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात ठेवू नये, बॉलपेनची शाई त्याला चिकटून येते. डाग काढायला पाणी तर मुळीच नको. लोहाच्या शाईत ते उरलंसुरलं लोह आणखी पसरवतं. पत्र उलगडून, आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट पेटीत ठेवावं. घडीवर वारंवार उघडझाप केली की कागद तिथेच तुटतो. पावसाळ्यात बुरशी आणि कसर या दोघांचं भय, म्हणून पेटी बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको. सिलिका जेलची पुडी चालेल, पण कागदाला चिकटून नको. डांबराच्या गोळ्या तर आत टाकूच नयेत.

स्कॅन 600 डीपीआयने रंगीत करावा, कडेला मोजपट्टी ठेवून, म्हणजे मूळ आकार कळतो. पाकीट फेकू नये. पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्काच उपयोगी पडतो. आणि मागची कोरी बाजूही स्कॅन करावी. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूवर कडेने तिरपा उजेड टाकून आणखी एक फोटो घ्यावा. शाई पुढे फिकी पडली तरी कागदात उठलेले दाबाचे वळ त्या फोटोत राहतात, आणि रेघ कुठून सुरू झाली, हात कुठे थबकला, हे त्यांच्यावरून ओळखता येतं.